एकाच वाटीतलं पाणी

माझा नवरा वीसेक वर्षं आमच्या गावच्या देवीचा गुरव होता. गुरव असतानाच तो वर्तमानपत्रात धर्माच्या बातम्या लिहायला लागला. शेवटी त्याने एक पुस्तक लिहिलं आणि त्या पुस्तकावरून शिमग्याची पालखी आमच्या दारात यायची की नाही, हा प्रश्न गावासमोर उभा राहिला. या तिन्ही कामांत माझा हात होता. देवळातली भांडी मी घासली, बातम्या मी टाइप केल्या, पुस्तकाची पानं मी लावली. तेव्हा हे सांगायचा हक्क माझा आहे. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे ‘तो’ म्हणणार आहे, कारण लिहिताना दर वाक्यात मान देत बसलं तर गोष्ट पुढे सरकत नाही.

आमचं गाव हातखंब्यापासून थोडं आत आहे. रोज सकाळी स्कूटरने हायवे ओलांडून मी रत्नागिरीला जाते. कोर्टासमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, लग्नपत्रिका, काय येईल ते. लोक शपथेवर काय काय लिहून घेतात ते मी इतकी वर्षं बघते आहे, त्यामुळे लिहिलेल्या गोष्टीला मी सहसा दबत नाही.

एका वर्षी आमच्या शिमग्याची बातमी पेपरात आली ती सगळी चुकलेली. पालखीत देवीचे चांदीचे मुखवटे बसवतात, त्यांना आम्ही रूपं म्हणतो. बातमीदाराने ‘देवीची सुबक मूर्ती’ लिहिलं होतं आणि मानकऱ्यांचा क्रमही उलटासुलटा केला होता. नवरा दुकानात आला, एका लग्नपत्रिकेच्या प्रुफामागे त्याने दुरुस्ती लिहिली आणि मी ती टाइप करून पाठवली. दुसऱ्या दिवशी संपादकांचा मला फोन.

“हे कोणी लिहिलंय?”

“माझ्या नवऱ्याने.”

“काय करतात ते?”

“देवीला आंघोळ घालतात.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “आंघोळ झाली की इकडे पाठवा.”

त्या पेपरात शनिवारी धर्माचं एक पान असायचं. पंचांग, कीर्तनाच्या वेळा आणि कुठल्यातरी महाराजांचा फोटो, एवढंच. नवऱ्याने त्याचं रूप पालटलं. सकाळची पूजा उरकून तो बाहेर पडायचा. गुहागरला उत्सव असला तर गुहागर, वेळणेश्वरला जत्रा असली तर वेळणेश्वर. उरूस, चर्चचा सण, बुद्धविहारातली पौर्णिमा, त्याने काहीच सोडलं नाही. सगळ्या बातमीदारांत चप्पल कुठे काढायची हे न विचारता कळणारा हा एकटा, त्यामुळे लोक त्याला आत घ्यायचे. आणि आत गेल्यावर तो पहिला प्रश्न हमखास तोच विचारायचा: “किल्ली कोणाकडे असते?”

दुसरा प्रश्न, “पाणी कोण भरतं?” या दोन प्रश्नांत कुठल्याही देवस्थानाची कुंडली हातात येते, असं तो म्हणायचा. खरं होतं ते. एका गावात पाणी भरणाऱ्या बाईला तिने भरलेल्या पाण्याच्या अभिषेकाला आत उभं राहू देत नव्हते. त्याने एवढंच लिहिलं: पाणी आत गेलं, बाई बाहेर राहिली. पुढे एक ओळ टीका नाही. तो शनिवार मला आठवतो, कारण दुकानात आलेल्या वकिलाने पेपर घडी घालून बॅगेत ठेवला. वकील पेपर विकत घेत नाहीत, नेत तर नाहीतच. त्या दिवशी मी त्याच्या झेरॉक्स जरा नीट काढून दिल्या.

मग एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. खाली सही नाही. ‘दुसऱ्यांच्या देवळाच्या किल्ल्या विचारत फिरता. तुमच्या देवळाची किल्ली तुमच्याच कनवटीला आहे ना?’

नवऱ्याने ते कार्ड दोन दिवस खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याने देवळाची किल्ली चुलत भावाच्या हातात दिली आणि सांगितलं, आजपासून गुरवकी तुझी. मला आधी विचारलं नव्हतं. मी चिडले. गुरवकी म्हणजे मान असतो, वर्षाचं धान्य असतं, सासूबाईंची देवळातली जागा असते. मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, “मला आता माझ्याच देवळात बातमीदार म्हणून जायचंय.”

पुस्तक तिथून सुरू झालं.

ज्यांना कौल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे मोठा निर्णय देवीला विचारून घेतात. लग्न, जमीन, कुणाला गाव सोडून जायचं असेल ते. गुरव फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या पाषाणावर चिकटवतो, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. मग तो गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवीला प्रश्न सांगतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. त्यावर अपील नाही.

माझ्या नवऱ्याने पुस्तकात लिहिलं की पाकळी कशी पडते ते गुरवाला माहीत असतं. ज्या बाजूचा दगड कोरडा पुसलेला असतो, तिथली पाकळी आधी सुटते. ओल्या बाजूची धरून राहते. बहुतेक गुरव प्रामाणिक असतात, असंही त्याने लिहिलं. आणि मग स्वतःबद्दल लिहिलं. गुरवकीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण विधवा कौल मागायला आली होती. मुंबईला बहिणीकडे राहून तिला नर्सचं काम शिकायचं होतं. तिच्या दिराला शेतात राबणारे हात जायला नको होते. त्याने मानकऱ्याला गाठलं, आणि मानकऱ्याने माझ्या नवऱ्याला सांगितलं, “डावा दे.” नवऱ्याने उपरण्याच्या टोकाने डावा खांदा पुसला. डावी पाकळी पडली. बाई गावात राहिली, ती आजतागायत.

हे प्रकरण टाइप करताना मी एकदा थांबले, चहा केला आणि पुन्हा बसले. वीस वर्षं संसार करून मला हे माहीत नव्हतं. पण लिहिलं होतं सरळ. रडारड नाही, ‘वय लहान होतं’ नाही. ‘मी पुसला’ असं वाक्य होतं. माणसं कोर्टात शपथेवरसुद्धा ‘माझ्याकडून पुसला गेला’ असं लिहून घेतात. मला त्या वाक्याचा अभिमान वाटला आणि अजून वाटतो.

पुस्तक आल्यावर व्हायचं ते झालं. एका सभेत त्याला धर्मबुडव्या म्हणाले आणि दुसऱ्या सभेत, अजून देव मानतो म्हणून भित्रा म्हणाले. तो दोन्ही सभांना पहिल्या रांगेत बसून टिपणं घेत होता. दुकानात एक जण येऊन मला म्हणाला, “तुमच्या मिस्टरांनी देवीआईला विकलानी.” मी विचारलं, “झेरॉक्स किती काढायच्यात?” तो म्हणाला, दोन. काढून दिल्या.

खरी अडचण फाल्गुनात आली. पहिली आवृत्ती संपली होती आणि दुसरीची फाइल माझ्याकडे तयार होत होती. तेवढ्यात थोरले मानकरी, म्हणजे ‘डावा दे’ म्हणणाऱ्याचा मुलगा, दोन माणसं घेऊन आमच्या पडवीत आले. म्हणाले, “ता एक प्रकरण काढा, देवीफुडं नारळ ठेवा, विषय संपला. नायतर यंदा पालखी तुमच्या दारात थांबायची नाय.”

शिमग्यात पालखी गावातल्या प्रत्येक घरी जाते. देवी वर्षातून एकदा स्वतः माहेरवाशिणीसारखी दारात येते आणि घरातली बाई तिची ओटी भरते. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्यापासून ही ओटी भरत आहेत. ऐंशी ओलांडल्यात. गुडघे गेले आहेत, अंगणाच्या पुढे त्या वर्षभर जात नाहीत. पालखी दारात येणार नाही म्हणजे त्यांच्यासाठी काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मानकरी गेल्यावर त्या आत गेल्या. ओटीचा खण त्यांनी आधीच आणून ठेवला होता, तो पुन्हा ट्रंकेत ठेवला.

वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, हे कोर्टासमोर बसून मला पाठ होतं. मी नवऱ्याला म्हटलं, “अर्ज मी टाइप करते.”

तो म्हणाला, “पोलीस पालखी दारात आणतील. ती काय आईला हवी ती पालखी होईल?”

मग मी माझ्या पद्धतीने विचार केला. पुस्तकात चौदा प्रकरणं. एक काढलं तर तेरा राहतात. पहिल्या आवृत्तीत छापलेलं काही कुणी पुसू शकत नाही. म्हातारीचं मन राहील. दुकानात बसून मी दुसरी फाइल केली, त्यातून ते प्रकरण काढलं, पानांचे आकडे नीट केले. घरी येऊन त्याला सांगितलं.

“अहो, दोन फाइली आहेत. प्रकरणाची आणि बिनप्रकरणाची. कुठली पाठवू?”

तो पेपर वाचत होता. म्हणाला, “तुम्ही ठरवा. पण आधी तिला विचारा.”

“कुणाला?”

“जिच्यावर आहे तिला. मी विचारायला हवं होतं. लिहिताना मी तिच्या दारात गेलो नाही.”

आणि दोन दिवसांनी तो गेला तिच्याकडे. मीही गेले बरोबर, कारण तो काय बोलेल याची मला खात्री होती आणि काय ऐकून घेईल याची नव्हती.

ती खालच्या वाडीत राहते. आता पन्नाशी ओलांडलीय. आम्ही गेलो तेव्हा अंगणात काजूबिया वाळत घालत होती. नवऱ्याने उभ्यानेच सांगितलं, “चूक माझी होती. तुम्ही म्हणाल तर ते प्रकरण काढतो.”

तिने हातातल्या बिया खाली टाकल्या. माझ्याकडे बघून म्हणाली, “बाय, तुज्या नवऱ्यान डाव्या खांद्यावरना उपरना फिरवलान, ता मी तवाच बघितला हुता.”

मीच विचारलं, “मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर मी देवीला खोटी म्हनाले असा झाला असता. तवापासना गाव मना सांगतोय, देवीन तुला ठेवून घेतलान. आता कलला सगळ्यांना, ठेवून घेनारे कोन हुते ते. आनि तुम्ही ता काढायला निघालाव?”

“नाही काढत,” मी म्हटलं.

“आनि ‘एक बाई’ म्हनून काय लिवलानस?” हे त्याला. “माजा नाव काय वाटेवर पडलाय? तुजा नाव पुस्तकावर मोठ्या अक्षरात, आनि माजा कुठंच नाय.”

नवऱ्याने खिशातली वही काढली आणि तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लिहून घेतलं. दुसऱ्या आवृत्तीत ते आहे. इथे मी देत नाही. पुस्तक विकत घ्या.

परत येताना मी स्कूटर चालवत होते. मागे बसून तो म्हणाला, “आईला काय सांगायचं?” मी म्हटलं, “जे झालं ते.” बिनप्रकरणाची फाइल मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच उडवली.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, “त्या पोरीला मीच सांगितलेला, देवीचा शब्द मोडू नको म्हनून.”

मग गावाची बैठक देवळात बसली, सकाळी. नवऱ्याने सरळ सांगितलं की प्रकरण राहणार. मानकरी म्हणाले, मग पालखी नाही. मुंबईहून शिमग्याला आलेले चाकरमानी कुरकुरले. देवीची पालखी, अडवणारे तुम्ही कोण? शेवटी कुणीतरी म्हणालं, देवीलाच विचारूया. कौल लावा.

सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, “लावा. पडेल तो मला मान्य.”

सासूबाईंना मी स्कूटरवरून देवळात आणलं होतं. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. चुलत दीर, म्हणजे नवा गुरव, गाभाऱ्यात गेला. पाकळ्या घेतल्या. वळून बघतो तर सगळं गाव त्याच्या हातांकडे टक लावून.

“माज्या हाताकडं बघू नका रे,” तो म्हणाला.

“थांब,” मानकरी म्हणाले. “दोन्ही खांदे पूस आधी. एकाच फडक्यान.”

“आनि पानी?” दिराने विचारलं.

“दोन्ही पाकळ्या एकाच वाटीत बुडव. एकदमच काढ.”

मागून कुणीतरी ओरडलं, “फडका पन दोन्हीकडं सारखाच फिरव, नायतर...”

“नायतर काय ता पान त्रेसष्टवर लिवलाय,” मानकरी म्हणाले आणि जीभ चावली.

सासूबाई खांबाला टेकूनच म्हणाल्या, “पुस्तकाला हात लावला नाय म्हनत हुतास ना रे तू?”

“हात नाय लावला, काकी. नातीन वाचून दाखवलान.”

देऊळ हसलं. माझा नवरा हसला नाही. त्याला काय वाटत होतं ते मला कळत होतं, कारण मलाही तेच वाटत होतं. ज्या पुस्तकाला बुडवायला ही माणसं बसली होती, त्याच पुस्तकातल्या रीतीने ती देवीला कौल लावत होती. एकाही लेखकाला असा वाचक मिळत नाही.

दिराने खांदे पुसले. एक म्हातारा उठून बोटाने दोन्हीकडे तपासून आला. पाकळ्या एका वाटीतून निघाल्या आणि चिकटल्या. गाऱ्हाणं झालं, पालखी आमच्या दारात यायची का, एवढंच. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की भिंतीवरचा पंखा एका अंगाला वारा देतोय. पंखा बंद केला. फाल्गुनातलं ऊन, बिनपंख्याचं देऊळ, सगळे घामाघूम. एरवी गुरव मनात ठरवतो तेवढ्या वेळात पाकळी पडते. त्या दिवशी पडेचना. एक जण म्हणाला, “आता खरा कौल म्हंजे वेल लागनारच.” लोकांनी बसल्या जागी आंब्याच्या मोहोराच्या गप्पा काढल्या, मग त्याही संपल्या.

डावी पाकळी पडली.

मानकऱ्यांनासुद्धा आनंद झालेला दिसला नाही. नवरा उठला, त्याने देवीला नमस्कार केला आणि चुलत भावाच्या पाठीवर हात ठेवला.

“हा तुझा पहिला कौल,” तो म्हणाला. “असाच लावत जा.”

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, दगड आहे, पाणी आहे, योगायोग आहे. ते म्हणायला त्याच्याइतकी मोकळीक कुणालाच नव्हती. त्याने नाही म्हटलं. प्रश्न सरळ विचारला गेला तर उत्तर मानायचं, असं त्याने पुस्तकात शेवटच्या प्रकरणात लिहिलं होतं. लिहिणारे पुष्कळ असतात. लिहिल्याप्रमाणे आपल्याच दारातली पालखी जाऊ देणारा मी एक पाहिला.

पालखी आमच्या वाडीत आली त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं होतं. ढोल शेजारच्या अंगणापर्यंत वाजत आले. शेजारणीची ओटी झाली, पालखी उठली आणि आमचं अंगण टाळून वळली. सासूबाई पडवीत उभ्या होत्या. ट्रंकेतला खण त्यांनी सकाळीच काढला होता, ते मी पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं.

“चल,” त्या मला म्हणाल्या.

“कुठे?”

“सहाणेवर.” घरं फिरून झाली की पालखी ज्या चौथऱ्यावर बसते, ती सहाण.

“स्कूटर काढते.”

“नको. ओटी भरायला चालत जातात.”

घरापासून सहाण लांब नाही, पण मधे चढ आहे. त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हातात नारळ धरला. नवरा दोन पावलं मागे चालत होता. चढावर त्या तीनदा थांबल्या. तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा खालच्या वाडीतली ती बाई मागून येऊन पोचली. तिने न विचारता दुसऱ्या बाजूचा दंड धरला.

सहाणेवर मानकरी पालखीजवळ उभे होते. कौल होता दारात न येण्याचा. सहाणेवर येऊन ओटी भरू नये, असं देवीला कुणी विचारलं नव्हतं. त्यांनाही ते तिथेच सुचलं असावं, कारण ते क्षणभर थांबले आणि बाजूला झाले.

सासूबाईंनी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, रीतसर. नमस्कार करून उठताना त्यांना मानकऱ्यांनीच हात दिला.

“फुडच्या वर्सा परत विचारू, काकी,” ते म्हणाले.

“विचार,” त्या म्हणाल्या. “पुसायचा फडका मी घेऊन येईन.”

दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण वाढलं. या कौलाचं. नवऱ्याने लिहून दिलं, मी टाइप केलं. पहिलं वाक्य आहे, ‘डावी पाकळी पडली.’ तिथे एक शब्दही बदलावासा मला वाटला नाही. पुस्तक आता पंधरा प्रकरणांचं झालं आणि अनुक्रमणिका पुन्हा लावावी लागली, तेवढं एक काम वाढलं.